पायाळूच्या मागचं आभाळ

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले, डोकं शेवटी. असं जन्मलेल्या माणसावर वीज पडते असं आमच्याकडे समजतात. ती त्याला शोधत फिरते म्हणे. ढग वाजला की तो पायाळूचं घर विचारत असतो, असं माझी आई सांगायची, आणि गडगडायला लागलं की मला ओढत आत न्यायची. लाकडी पाटावर बसवायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायची नाही. बाकीची पोरं अंगणात गारा वेचायची आणि मी आत पाटावर बसून त्यांचा आरडाओरडा ऐकायचो.

चौथीत मी शाळा सोडली. शाळेनंच मला सोडलं असं वाडीत सांगतात, ते खोटं आहे. लिहिण्यात चुका असतील तर असोत. पण जे झालं ते माझ्यादेखत झालं, आणि आता पोलादपूरच्या स्टँडवर ते कोणीही उठून भलतंच सांगतो. म्हणून माझं मी लिहितो.

पायाळूचा एक उपयोग असतो. कुणाच्या कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, तर पायाळूनं लाथ मारली की ती जाते. त्यामुळे ढगाखाली माझ्याशेजारी उभं राहायला जे घाबरायचे, तेच लोक उघडीप असली की माझ्या अंगणात येऊन पालथे पडायचे. महाडचा एक ट्रकवाला असाच आला. मुसलमान माणूस, अर्धं आयुष्य ट्रक चालवलेला, मधली काही वर्षं आखातात काढलेला. दोघांनी धरून आणला होता, विळ्यासारखा वाकलेला. मी लाथ घातली. तो पडला तसाच पडून राहिला, मग हळूच उठला, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "गुण आला. पण परत मारलीस तर पाय ठेवणार नाय तुझा." तेव्हापासून आमची दोस्ती. त्याला सगळे भाई म्हणतात, मीही भाईच म्हणतो. तो मला म्हाताऱ्या म्हणतो. वयानं तोच मोठा आहे.

मी जीप चालवायचो. पोलादपूरपासून घाटाखालच्या वाड्यांपर्यंत माणसं भरून न्यायची, हा धंदा. एकदा चैत्रात जीप गच्च भरलेली होती, बाजाराचा दिवस. घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत ऊन होतं आणि वळण घेतलं तर समोर आभाळ काळं. एक गडगडाट झाला. मागं कुजबुज सुरू झाली. मग एक बाई म्हणाली, "गाडी थांबव रे बाबा, आमी चालत येतो." एकेक करत सगळे उतरले. ओळखीची माणसं, माझ्या लग्नात जेवलेली. रस्त्याच्या कडेला आपापल्या पिशव्या घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, तू पुढं हो.

मी पुढं झालो. ढगाच्या बरोबर खाली जाऊन जीप उभी केली, बाहेर उतरलो, चपला काढल्या आणि जमिनीवर उभा राहिलो. आजूबाजूला विजा पडत होत्या. समोरच्या डोंगरावर एक पडली, ओढ्यापलीकडे एक. मला काही झालं नाही. परत आलो तर माणसं तिथंच झाडाखाली दाटीवाटीनं उभी, चिंब भिजलेली. एकाचीही वर माझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी कुणाला गाडीत घेतलं नाही. रिकामी जीप घेऊन घरी गेलो.

त्या दिवसापासून मी ढगाच्या मागे जातो. पावसाळ्यातल्या पावसाला मी विचारत नाही, तो सगळ्यांचा असतो. माझा ढग तो, जो शिमग्याच्या पालख्या देवळात गेल्यावर, ऊन तापायला लागलं की एकटाच उठतो. सकाळी पान हलत नाही. दुपारी घाटमाथ्याच्या मागून पांढरा कोंब वर येतो, बघता बघता फुगतो, आणि वर जाऊन त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. ऐरण झाली की मी किल्ली घेतो. धंदा बंद केला, जीप म्हातारी झाली, मीही झालो, पण हे सोडलं नाही. भाई सोबत येतो. का येतो म्हणून विचारलं तर म्हणतो, "आखातात वाळूची वादळं बघितली, ती आंधळी होती. तुझ्या ह्या ढगाला डोळे हायत."

बायको पहिली काही वर्षं भांडली. किल्ली लपवली, आईची शपथ घातली, एकदा जीपच्या पुढं आडवी झाली. मी ऐकलं नाही. ऐकणारा मी नव्हतोच. मग ती बोलायची थांबली. मी निघालो की दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची, आणि परत आलो की मुकाट्यानं भाकरी वाढायची. मला वाटलं, तिला सवय झाली.

आता त्या दिवसाचं सांगतो. फार जुनी गोष्ट नाही.

पाडवा होऊन गेला होता. वाडीत राबाची तयारी चालली होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, असं रचून ते भाजायचं असतं, आणि त्या आधी पाऊस झाला तर सगळी रचाई भिजून वाया जाते. म्हणून बायका सारख्या वर बघत होत्या. उकाडा असा की कोंबड्यासुद्धा पंख सोडून पडलेल्या. दुपारी भाईचा फोन आला. तो महाडहून निघून पोलादपूरला पोचला होता, हायवेच्या कडेला चहा पीत होता.

"म्हाताऱ्या, बघितलंस का रे?"

"बघतोय."

"ह्याला दोन ऐरणी फुटल्यात. असला नाय बघितला मी कधी."

किल्ली घेतली. ही चौकटीला धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, ती माझ्याकडे बघत होती एवढं मला कळलं.

भाईला घेतला आणि आंबेनळीचा घाट चढायला लागलो. चार वळणं वर गेल्यावर एक मोकळी जागा आहे, तिथून समोरची दरी दिसते, खाली आमची वाडी आणि वाडीच्या डोक्यावरचा दांड. लांबच लांब बोडका डोंगर आहे तो, मधोमध एक ऐनाचं झाड, बाकी सगळं वाळलेलं गवत. तिथं आम्ही जीप उभी केली.

मी आयुष्यभर ढग बघितले, पण तो वेगळा होता. तो पुढं येत नव्हता. जागच्या जागी फिरत होता, जातं फिरतं तसा, सावकाश, आणि त्याच्या पोटाखालून एक काळा तुकडा खाली लोंबत होता. रंग काळा नव्हता नुसता. खालच्या बाजूला हिरवट होता, शेवाळ लागलेल्या विहिरीच्या पाण्यासारखा. आणि वारा ढगाकडून यायचा तो येत नव्हता. वारा आमच्या मागून ढगाकडे जात होता. रस्त्यावरचा पाचोळा आमच्या पायांवरून सरपटत वर घाटाकडे चालला होता, जणू कुणी हाक मारली म्हणून. कड्यावर माकडं बसली होती. सगळी आमच्याकडे पाठ करून, ढगाकडे तोंड करून. एक हलत नव्हतं.

भाईनं टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "आज परत फिरू या."

"तू उतर आणि चालत जा."

"माझे गुडघे बघून बोल. उतरलो तर तूच उचलून नेशील मला."

तेवढ्यात ढग फुटला. फुटला म्हणजे पाऊस पडला नाही, दोन झाला. दळलेलं पीठ दोन बाजूंना सांडावं तसे दोन भाग वेगळे झाले. एक शिवथरच्या अंगाला गेला. दुसऱ्यानं तोंड फिरवलं. मी इतकी वर्षं बघतोय, ह्या बाजूचे ढग घाटावरून उतरतात आणि सावित्रीच्या खोऱ्यानं महाडाकडे जातात. हा खोरं सोडून आडवा निघाला, आमच्या दांडाकडे. आणि मी तर इकडे, घाटात उभा होतो. मला आत कुठंतरी बरं वाटलं. बघा म्हटलं, पायाळू इथं आणि ढग तिकडं.

भाईचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. तो दांडाकडे बघत होता. मग म्हणाला, "दांडावर माणूस हाय."

"गुराखी असंल."

"गुरं नायत. एकटाच उभा हाय. ऐनाच्या बाजूला. हात पसरून." तो थोडा पुढं गेला, डोळ्यांवर हात धरला. "निळा सदरा हाय चौकड्यांचा. डोक्यावर टोपी." मग त्यानं माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "अरे, तो तू हायस."

मी हसलो. मला फक्त एक निळा ठिपका दिसत होता. पण तो ठिपका ज्या तऱ्हेनं उभा होता, एक खांदा जरा खाली सोडून, तसा मी उभा राहतो. उजवा खांदा माझा लहानपणी निखळला होता. वारा आला की त्याचे हात हलत होते. ढग त्याच्याकडे येत होता आणि तो पळत नव्हता.

मी घरी फोन लावला. आमच्या हिचा मोबाइल घरातच पडलेला असतो. शेजारच्या घरातल्या सुनेनं उचलला.

"आजी कुठं हाय गो?"

"आजी वर गेली."

"कुठं वर?"

"दांडावर. आभाळ आलं आणि तुमी गाडी काढली की जाते ना ती." मग म्हणाली, "तुमाला नाय ठावं?"

मला ठाऊक नव्हतं. वाडीला होतं.

जीप उलटी वळवली ती मला आठवत नाही. घाट उतरताना भाई दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसला होता आणि कलमा म्हणत होता, की मला शिव्या देत होता, नीट ऐकू आलं नाही. प्रत्येक वळणावर समोर दांड दिसायचा आणि प्रत्येक वळणावर तो माणूस तिथंच. ढग त्याच्या डोक्यावर आला होता. इतकी वर्षं मी ढगाच्या मागे गेलो ते त्याला गाठायला, आणि गाठलाही. त्या दिवशी तो माझ्या पुढं होता आणि मला त्याच्या आधी पोचायचं होतं. तो काही घाईत नव्हता. मला तसं वाटलं ते लिहितो. तो वाट बघत चालला होता.

पायथ्याला पोचलो तेव्हा गारा सुरू झाल्या. जीपच्या ताडपत्रीवर दगड मारावेत तसा आवाज. काच फुटली नाही पण एका बाजूला तडा गेला. वाडीच्या वरून दांडाकडे लाकडं आणायचा कच्चा रस्ता आहे, त्यावर जीप घातली. "चढणार नाय," भाई ओरडला. चढली. अर्ध्यावर पांढरा उजेड झाला. उजेड आणि आवाज एकदमच आला. माझे हात स्टेरिंगवरून सुटले. सगळं पांढरं झालं, मग काही वेळ काहीच दिसेना, आणि जेव्हा दिसायला लागलं तेव्हा वर ऐनाचं झाड होतं, माणूस नव्हता.

पुढचं मी पायी पळालो. ह्या वयात, गारांवरून. मागून भाई काहीतरी सांगत होता.

ऐनाची साल शेंड्यापासून मुळापर्यंत पट्टा काढावा तशी सोलून निघाली होती. वास येत होता, जळलेल्या शिंगासारखा. त्याच्या बाजूला जमिनीत लोखंडी पहार रोवलेली, आमच्या घरातली. पहारीला आडवी काठी बांधलेली, आणि त्यावर माझा निळा सदरा. सदऱ्याच्या आत पेंढा भरलेला होता, तो धुमसत होता. माझी टोपी लांब जाऊन पडली होती. खाली माझी खाकी विजार, तिच्या पायांत माझ्या जुन्या चपला बांधलेल्या. पाय मात्र वर घेतलेले होते, जमिनीला न टेकणारे.

ती तिथं नव्हती. मग रडणं ऐकू आलं. पलीकडे उतारावर जुन्या शेताचा दगडी बांध आहे, त्याच्या आडोशाला ती बसली होती. केसांत गारा. अंगाला काही झालेलं नव्हतं, हे मी आधी बघितलं. हात, पाय, चेहरा. मग दुसरं दिसलं. हातांत बांगड्या नव्हत्या. काचा समोरच्या दगडावर पडलेल्या होत्या. कपाळ पुसलेलं. ती हेल काढून रडत होती, माणूस गेल्यावर बायका रडतात तसं, त्याचे गुण सांगत. "घाट उतरायचा माझा राजा, रात नाय बघितली, ऊन नाय बघितलं."

"अगो, मी हाय," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. माझ्या छातीतून पलीकडे बघतात तसं बघितलं, आणि पुन्हा रडायला लागली.

भाई धापा टाकत येऊन पोचला. त्याला मात्र तिनं बघितलं. म्हणाली, "भाई, ह्यांना नेलं हो. माझ्या डोळ्यांदेखत नेलं."

भाईनं माझ्याकडे बघितलं. "वयनी, हा काय इथं उभा हाय. ओला गाढव."

"कोण?" ती म्हणाली. आणि त्या वेळी तिनं डोळे असे वर केले, आभाळाकडे, जरासे. शहाण्या माणसानं चुप म्हणून खूण करावी तसे. की तो माझा भास होता, कोण जाणे. तिचं डोकं फिरलं आहे, की ती वरच्याला ऐकवते आहे, हे मला त्या क्षणी कळलं नाही. खरं सांगायचं तर नीट कळलेलं अजूनही नाही. विचारलं तर ती म्हणते, "तुमी जिवंत हाय ना? मग झालं तर."

भाईला कळलं असावं. तो टोपी घालून गंभीर झाला आणि म्हणाला, "चला वयनी. खाली चला. घरी जायला पाहिजे."

मी पुढं बसून जीप चालवली. ती मागं बसली, भाई तिच्या समोर. सगळा उतार ती रडत होती. माझ्याच मौतीचं रडणं ऐकत मी माझी जीप चालवत होतो, आणि तिनं माझे जे गुण सांगितले ते तिनं मला तोंडावर कधी सांगितले नव्हते. आरशात बघायचा मला धीर झाला नाही. आरशात मी दिसलो नसतो तर काय केलं असतं, असा विचार मनात आला होता. आला होता हे खरं.

वाडीत रडणं आमच्या आधी पोचलं. बायका घराघरांतून बाहेर आल्या. कुणी पदर तोंडाला लावला होता. मग त्यांनी स्टेरिंगवर मला बघितलं आणि सगळ्या मागं सरल्या. एकीनंही विचारलं नाही की तू कसा.

दारात मी आधी पोचलो. उंबऱ्यावर पाय ठेवणार तेवढ्यात ती पुढं झाली, चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून आडवी उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. भाईला सांगितलं, "गेलेला माणूस पुढच्या दारानं आत येत नाय. घराला लागतं."

"मग कसा येतो वयनी?"

"येत नाय. नवा जन्माला येतो. मागल्या दारानं, ओणवा होऊन, डोकं पुढं करून." आणि मग जरा हळू, "आधी डोकं. ह्या खेपेला तरी आधी डोकं."

आमचं मागलं दार म्हणजे चुलीच्या खोलीतून शेण-राख बाहेर टाकायचं दार. कमरेएवढं. त्यातून कोंबड्या ये-जा करतात. मी म्हणालो, "मी माझ्या घरात कोंबडीसारखा जाणार नाय." मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. कुणी उत्तर दिलं नाही. मेलेल्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं.

शिवथरकडे गेलेला ढगाचा दुसरा भाग पुन्हा जवळ येत होता. गडगडाट ऐकू यायला लागला होता, लांबून, सारखा, मध्ये न थांबता. अंगणात मी एकटा उभा होतो आणि बाकी सगळे पडवीत.

भाई माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तेवढा एकटा आला. म्हणाला, "किती वेळ उभा राहणार हायस?"

"ती बाजूला होईपर्यंत."

"ती नाय होणार. तिचं नि तुझं हाड एकच हाय."

"तिला म्हणावं, मला काय झालं नाय. कधीच झालं नाय. इतकी वर्षं ढगाखाली उभा राहिलो, काय झालं?"

"अरे म्हाताऱ्या," भाई म्हणाला, "तुला काय झालं नाय, त्याचं कारण तिच्या मते ती हाय. प्रत्येक खेपेला तिनं वरती एक तू उभा केला. मघाशी जीपमध्ये सांगितलं ना तिनं, ऐकलं नायस? आधी बांबू लावायची, त्याला वीज फसत नव्हती, म्हणून आज पहार नेली. आज ती फसली. आता हिशेब मिटला, असं तिला वाटतंय. तू पुढच्या दारानं गेलास की तो परत उघडला."

"तुला पटतं हे?"

"मला? मी दुसऱ्या देवाचा माणूस. पण मी तुला तिथं बघितला, दांडावर. शपथेवर सांगतो, पेंढा नाय बघितला मी. तू होतास."

मी तरी हललो नाही. मला खरंच वाकायचं नव्हतं. ज्यांनी मला पाटावर बसवलं, ज्यांनी गाडीतून उतरून मला पुढं पाठवलं, त्यांच्या देखत मी गुडघ्यावर जायचं, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. त्यात मी चुकलो असं कुणी म्हणू नये.

मग वाडीतली एक म्हातारी उठली. तिचा नवरा तरुणपणीच गेलेला, आयुष्य तिनं पांढऱ्या कपाळानं काढलेलं. ती सावकाश चालत आमच्या हिच्याजवळ गेली, खाली बसली, हिला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं आणि हिचा बांगड्या नसलेला हात आपल्या हातात घेतला. दोन सारखे हात. ही बसली. दार मोकळं झालं होतं, मला आत जाता आलं असतं. पण ही त्या म्हातारीच्या शेजारी तशीच बसून राहिली आणि मान खाली घालून तिनं तो हात धरून ठेवला, जसं काही तिथं बसायचं असतं ते ती शिकत होती.

मी घराला वळसा घातला. भाई मागून आला.

मागं चिखल झाला होता. दारातून कोंबड्या हाकलाव्या लागल्या. गुडघे टेकले तेव्हा ते वाजले, हात टेकले, आणि मान खाली घालून डोकं आत घातलं. आत अंधार आणि राखेचा वास. आधी काही दिसेना, मग डोळे सरावले. खांदे अडकले. उजवा खांदा आत जाईना. मी शिवी दिली.

"जन्माला येताना शिव्या देऊ नये," भाई मागून म्हणाला.

"ढकल."

तो ढकलत होता आणि मी चौकटीत रुतून बसलो होतो. आत पावलं वाजली, ती आली होती. चुलीपाशी खाली बसली. सुईण बसते तशी, पाय फाकवून, घट्ट. तिचा हात अंधारातून आला आणि माझ्या टाळूवर बसला. ओला, थंड हात. ती बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोकं आलं गो." पुढच्या पडवीतून कुणा म्हातारीनं विचारलं, "नीट आलं?" आणि ही म्हणाली, "नीट आलं."

मग तिनं मला बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा तिचे डोळे माझ्यापाशी येऊन थांबले. एक हात माझ्या डोक्यावर तसाच ठेवून तिनं दुसरा हात लांब केला, कोनाड्यातला कुंकवाचा करंडा काढला, बोट बुडवलं आणि आपल्या कपाळाला लावलं. वाकडं लागलं. मी सांगितलं, जरा डावीकडे. तिनं पुसून पुन्हा लावलं.

माझे पाय अजून बाहेरच होते, पावसात भिजत. आभाळ वाडीच्या अगदी वर येऊन वाजत होतं. तिनं एकदाही तिकडं मान वळवली नाही.